मोटारीतील खर्ज आणि त्याची पेटी



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, मोटारीच्या डिकीत ठेवावयाच्या लाकडी पेटीवर तासभर काय बोलावयाचे? ही तर तरुण मुलांची हौस! रस्त्याने एखादी गाडी जाते, तिच्या काचा थरथरतात, आपल्या खिडकीची तावदाने तिला साथ देतात आणि आपण कपाळाला आठी घालून म्हणतो, "गेली एकदाची!" एवढाच बहुतेकांचा या विषयाशी संबंध. परंतु या पेटीत जे शास्त्र भरलेले आहे ते तंबोऱ्यात आणि पखवाजात आहे तेच आहे. शिवाय या पेटीपायी घरोघर पैसे खर्च होतात, डिकी अडते, कान बिघडतात आणि शेजारी दुरावतात. तेव्हा विषय वाटतो तितका हलका नाही.

आम्ही या विषयाकडे वळलो ते एका फजितीमुळे. आमच्या भाच्याने एक लहान मोटार घेतली, जुनीच, पण चांगली. घेतल्यावर पंधरा दिवसांच्या आत एका दुकानातून त्याने तयार 'बेस बॉक्स' आणून डिकीत स्क्रूने घट्ट बसवून घेतला. पावसाळ्याचे दिवस. आम्ही, आमची थोरली बहीण आणि भाचा असे तिघे पुण्याहून साताऱ्याकडे निघालो. खंबाटकीचा घाट चढत असता मागचे चाक बसले. रात्रीची वेळ, पाऊस कोसळतो आहे, आणि स्टेपनी कुठे? तर त्या पेटीच्या बरोबर खाली. मग आम्ही विजेरी धरून उभे, भाचा स्क्रू काढतो आहे, वायरी सोडवतो आहे, आणि गुडघ्यांनी बेजार झालेली बहीण रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभी! पेटी बाहेर काढून दगडावर ठेवली, ती अर्धा तास भिजली. चौथ्या दिवशी पाहतो तो तिचा तळ चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगलेला.

एवढे करून ती पेटी वाजत तरी बरी होती काय? तेही नाही. पखवाज लावा, डग्गा लावा, सिनेमाचे गाणे लावा. तिच्यातून निघे तो एकच 'धुम्'. भाचा शेवटी म्हणाला, "मामा, पैसे तर पुरे मोजले, मग चुकले कुठे?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे कळले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम मुळापासून सुरुवात करू. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन, हे आपण शाळेत शिकलो. सेकंदास जितकी कंपने तितके हर्ट्झ. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून पुढे ऐकू येते. काळी एक या स्वरात लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारे ७० कंपने करते. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१. मोटारीच्या दारातले सहा-साडेसहा इंची ध्वनिवर्धक साधारणपणे या तंबोऱ्याच्या खर्जापर्यंत येता येता दमतात. त्याच्या खालचा प्रदेश ज्याच्याकडे सोपवावयाचा तो सबवूफर.

आता एक साधा प्रयोग घरी करून पाहा. जुन्या रेडिओतला एखादा सुटा ध्वनिवर्धक घ्या आणि तो हातात धरून वाजवा. आवाज पत्र्यासारखा येईल, खर्ज जवळजवळ नाहीच. आता एका मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो घट्ट धरा. लगेच आवाज भरीव होतो. विजेची शक्ती वाढविली नाही, ध्वनिवर्धक बदलला नाही. मग झाले काय? ध्वनिवर्धकाचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढचा दाब कडेवरून वळून मागची पोकळी भरून काढतो आणि जमाखर्च शून्यावर येतो. उंच स्वरांच्या लहरी आखूड असतात, त्या फारशा वळत नाहीत. पण ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर! तिला एवढ्याशा ध्वनिवर्धकाला वळसा घालणे म्हणजे हत्तीने खांबाला वळसा घालण्यासारखे आहे. पुठ्ठ्याने तो वळसा अडविला. पेटीचे पहिले काम हेच: मागचा आवाज पुढच्यात मिसळू न देणे.

येथे तंबोऱ्याचा दाखला कोणीही देईल. तारेत आवाज कितीसा असतो? बोलतो तो भोपळा, आणि म्हणूनच मिरजेचा कारागीर भोपळा इतका पारखून घेतो. दाखला योग्य आहे, पण अर्धाच. तंबोऱ्याचा भोपळा आणि तबली स्वतः थरथरावी लागते. तो वाद्याचा जीव आहे. आमची पेटी मात्र स्वतः थरथरता कामा नये. तिच्या आतली हवा काम करील, तिच्या भिंती मुक्या राहतील. भिंती बोलू लागल्या तर त्या गायकाचे बोलत नाहीत, स्वतःचेच बोलतात. पेटी वाद्यासारखी निवडावयाची, पण तिजोरीसारखी बांधावयाची, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

आजचा जो ध्वनिवर्धक आहे, चुंबकात हलणारे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, त्याला निश्चित रूप राइस आणि केलॉग या अमेरिकेतल्या दोघा इंजिनिअरांनी १९२५ साली दिले. पुढील काळात पेटीचे दोन मोठे पंथ निर्माण झाले: एक बंद पेटीचा आणि दुसरा नळीच्या पेटीचा. मोटारीतल्या बहुतेक साऱ्या पेट्या या दोहोंतच मोडतात.

बंद पेटी आधी पाहू. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा. दांडा आत जातो आणि सोडताच परत येतो. कोंडलेली हवा ही एक स्प्रिंग आहे. पंप जितका लहान तितकी ही स्प्रिंग कडक. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. पडद्याची स्वतःची स्प्रिंग मुद्दाम सैल ठेवावयाची आणि ताठरपणा द्यावयाचे काम कोंडलेल्या हवेकडे सोपवावयाचे. त्यांच्या कंपनीची पहिली पेटी कपाटाच्या फळीवर मावत असे, आणि तिचा खर्ज मात्र कपाटाएवढ्या जुन्या पेट्यांना खाली पाहावयास लावी. मोटारीतली आजची बंद पेटी ही त्याच पेटीची नात होय.

मग पेटी किती लिटरांची करावी? येथे बहुतेकांचा हात चालतो तो अंदाजाने, आणि येथेच भाच्याचे चुकले. प्रत्येक बऱ्या सबवूफरबरोबर एक कागद येतो. त्यावर पुष्कळ आकडे असतात. त्यांतले तीन पाहावेत. पहिला 'एफएस': पडदा मोकळा सोडला असता स्वतःहून किती हर्ट्झला डोलतो तो आकडा. दुसरा 'व्हीएएस': पडद्याच्या लवचिकपणाइतकाच लवचिकपणा किती लिटर हवेत आहे ते सांगणारा. तिसरा 'क्यूटीएस': पडद्याला लगाम किती आहे याचे माप. झोपाळ्याला एक झोका देऊन सोडला तर तो दहा वेळा हेलकावतो की एकदाच जाऊन थांबतो, तशातला हा प्रश्न. आकडा मोठा तर लगाम सैल. हे आकडे कोठून आले? ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७०नंतरच्या काही वर्षांत हे गणित बसवून दिले. तोवर पेटी बांधणे ही कारागिरी होती. त्यानंतर ते हिशेबाचे काम झाले.

हिशेब अवघड नाही. व्हीएएसला पेटीच्या लिटरांनी भागावे, उत्तरात १ मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. या आकड्याने एफएसला गुणले की पेटीत बसल्यावर ध्वनिवर्धकाचा डोलण्याचा स्वर मिळतो, आणि क्यूटीएसला गुणले की पेटीतला लगाम मिळतो. हा दुसरा आकडा ०.७च्या आसपास यावा. तेव्हा खर्ज सपाट राहतो, कोणताही एक स्वर इतरांच्या खांद्यावर चढत नाही.

उदाहरणादाखल एक दहा इंची ध्वनिवर्धक घेऊ: एफएस २८, व्हीएएस ५० लिटर, क्यूटीएस ०.४५. याला ३४ लिटरांची पेटी दिली तर स्वर येतो ४४ हर्ट्झ आणि लगाम ०.७१. उत्तम. तोच ध्वनिवर्धक १० लिटरांच्या डब्यात कोंबला तर स्वर चढतो ६९ हर्ट्झवर आणि लगाम होतो १.१. म्हणजे त्या भागात सुमारे २ डेसिबलचा उंचवटा आणि त्याच्या खाली मात्र लगेच उतार. हाच तो 'धुम्'! भाच्याची पेटी आम्ही मोजली तेव्हा असलेच काहीसे निघाले. ध्वनिवर्धक वाईट नव्हता; त्याला गुडघे पोटाशी घेऊन झोपविले होते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण माणसांना सांगतो; येथे उलटे सांगावे लागते, पाय पाहून अंथरूण शिवावे. आणि उलट टोकही पाहा. पेटी १०० लिटरांची केली तर स्वर येतो ३४ हर्ट्झ. म्हणजे डिकीतली तिप्पट जागा देऊन लाभ काय, तर दहा हर्ट्झचा! व्यवहारी माणूस हा सौदा करणार नाही.

मोटारीत तर हा सौदा अधिकच अनावश्यक आहे. दिवाणखान्यात जो खर्ज मिळत नाही तो मोटारीत आयताच मिळतो. मोटारीच्या आतली लांबी धरा अडीच-तीन मीटर. जेव्हा लहर या लांबीच्या दुपटीहून मोठी होते, म्हणजे साधारण ६० हर्ट्झच्या खाली, तेव्हा तिला गाडीत लहर म्हणून मावताच येत नाही. मग साऱ्या गाडीतली हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते, आणि जितके खाली जावे तितका हा दाब बंद पेटीच्या उताराची भरपाई करतो. गणिताने पाहिले तर बंद पेटी ज्या उताराने पडते जवळजवळ त्याच चढाने मोटार वर येते. प्रत्यक्षात दारांच्या फटी, पातळ पत्रा, काचा यांतून बरेच निसटते, म्हणून लाभ गणिताइतका नसतो. पण असतो हे निश्चित. खिडकीची काच खाली करा आणि ऐका: खर्ज लगेच ओसरतो. म्हणून मोटारीसाठी बेताची बंद पेटी हा पहिला विचार असावा, असे आमचे मत झाले.

आता दुसरा पंथ, नळीचा. तोंड अरुंद असलेल्या रिकाम्या शिशीवर फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात हुंकारते. शिशीच्या मानेतली हवा हे वजन, पोटातली हवा ही स्प्रिंग. दोघे मिळून डोलतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी गेल्याच्या मागच्या शतकात याचा सखोल अभ्यास केला. १९३२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या थुरास यांना एका पेटीचे पेटंट मिळाले, तिच्यात हीच युक्ती आहे. पेटीला एक नळी बसवावयाची. ध्वनिवर्धकाच्या पाठीमागचा आवाज, जो बंद पेटीत फुकट जातो, तो या नळीतून नेमक्या वेळी, पुढच्या आवाजाला साथ देत, बाहेर येतो. त्या स्वरापाशी पडदा जवळजवळ स्थिर असतो आणि सारे काम नळीतली हवा करते. तेवढ्याच विजेत आवाज अधिक मिळतो, हा मोठा लाभ.

पण फुकट काहीच नसते. नळीच्या स्वराखाली पेटीतली हवा पडद्याला टेकू देईनाशी होते. तो वाऱ्यावरच्या पडद्यासारखा फडफडतो, आवाज मात्र बंद पेटीच्या दुप्पट उताराने कोसळतो, आणि वेटोळे फाटण्याची भीती राहते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खालचे स्वर गाळणारी 'सबसॉनिक' गाळणी हवीच. पेटीही मोठी लागते आणि हिशेबात चूक खपत नाही. ५० लिटरांच्या पेटीला ३५ हर्ट्झचा स्वर द्यावयाचा आणि नळीचा आतला व्यास १० सेंटिमीटर धरावयाचा, तर नळी ३१ सेंटिमीटर लांब येते. नळी अरुंद घेतली तर ती आखूड येते खरी, पण हवा तिच्यातून फुसफुसत जाते. ती फुसफुस गाण्यात ऐकू येते. रुंद घेतली तर लांबी इतकी वाढते की पेटीत मावत नाही. नळीने व्यापलेली जागाही ५० लिटरांव्यतिरिक्त द्यावी लागते.

मग कोणाला बंद आणि कोणाला नळीची? एक अडाखा उपयोगी पडतो. कागदावर 'क्यूईएस' म्हणून आणखी एक आकडा असतो. एफएसला त्याने भागावे. उत्तर ५०च्या खाली आले तर ध्वनिवर्धक बंद पेटीचा. १००च्या वर गेले तर नळीचा. मधे आले तर मालकाची मर्जी. मर्जी कशी ठरवावी? ज्याला पखवाजाचे बोल, डग्ग्याची मींड, दोन थापांमधली शांतता हवी आहे त्याने बंद पेटी घ्यावी. ज्याला कमी विजेत भरपूर गाज हवी आहे आणि डिकी द्यावयाची तयारी आहे त्याने नळीची घ्यावी. बाजारात तिसराही एक प्रकार मिळतो, त्यात ध्वनिवर्धक पेटीच्या आतच दोन कप्प्यांच्या मधे लपविलेला असतो. तो एका अरुंद पट्ट्यात जोराने वाजतो. उत्तम हिशेबाने केला तर ठीक. नाहीतर एका स्वराचा हट्टी गवई.

या सगळ्यांच्या वर एक नियम आहे, आणि आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यावयाची तर ती ही न्यावी. पेटी बांधणाऱ्यांत तो हॉफमनचा लोहनियम म्हणून ओळखला जातो. खोल खर्ज, थोड्या विजेत मोठा आवाज आणि लहान पेटी, या तीन वरांपैकी कोणतेही दोनच मागता येतात. तिसरा मागणाऱ्याला भौतिकशास्त्र रिकाम्या हाताने परत पाठविते. दुकानदार तिन्ही देतो असे म्हणाला तर समजावे की, तिसरा फक्त खोक्यावर छापलेला आहे. खोक्यावर हजारांत छापलेला वॅटचा आकडाही तसलाच. 'पीएमपीओ' असे दिसले की त्याकडे दुर्लक्ष करून 'आरएमएस' लिहिलेला आकडा शोधावा.

तेव्हा निवडीला बसताना प्रश्न ध्वनिवर्धकापासून सुरू करू नये; डिकीपासून सुरू करावा. तेथे गॅसचे सिलिंडर आहे काय? आज आपल्याकडे कितीतरी गाड्या सीएनजीच्या आहेत आणि त्यांची अर्धी डिकी आधीच गेलेली असते. अशा गाडीत सिलिंडरच्या आसपास स्क्रू मारणे, त्याचा वायुवीजनाचा मार्ग पेटीने बुजविणे हे प्राणाशी खेळणे आहे. तेथे आसनाखाली बसणारा चपटा, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर घ्यावा. तो फार खोल जाणार नाही, पण दारातल्या ध्वनिवर्धकांना हातभार लावील. दुसरा प्रश्न: स्टेपनी पाच मिनिटांत निघेल काय? तिसरा: घरातल्या वडीलधाऱ्यांची चाकाची खुर्ची, बाजारहाट, गावाकडचे पोते या डिकीत जाते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावर जी जागा उरते ती पेटीची. त्या लिटरांत सुखाने राहील असा ध्वनिवर्धक मग शोधावा.

जागा मोजताना एक फसगत होते. आमच्या ३४ लिटरांच्या पेटीचेच पाहा. ध्वनिवर्धकाचे चुंबक आणि सांगाडा यांची जागा दोन लिटर, आतल्या आधाराच्या पट्टीची एक. म्हणजे आतून ३७ लिटर हवेत. आतील मापे ५० गुणिले ३२ गुणिले २३.२ सेंटिमीटर घेतली की ते साधते. पण फळी १८ मिलिमीटर जाडीची. दोन्ही बाजूंनी ती मिळविली की बाहेरची मापे होतात ५३.६, ३५.६ आणि २६.८. गुणून पाहा: ५१ लिटर! आत ३७, बाहेर ५१. सुताराला मापे देताना 'आतून की बाहेरून' हे स्पष्ट लिहून द्यावे. अनेक पेट्या बिघडतात त्या या एका शब्दापायी. मागच्या आसनाची पाठ तिरपी असते, तेव्हा पेटीची पाठही तिरपी करता येते. वरची आणि खालची खोली यांची सरासरी हिशेबात धरावी. आकार कोणता याने खर्जाला जवळजवळ काही फरक पडत नाही, कारण लहरीपुढे पेटी हा ठिपका आहे. आतले लिटर तेवढे बरोबर पाहिजेत.

लाकूड कोणते? पुष्कळ जण एमडीएफ वापरतात. ते जड, एकसारखे आणि मुके असते. भोक गोल व स्वच्छ पडते. पण पाण्याशी त्याचे वैर आहे, हे आम्ही घाटात पाहिले. कोकणात किंवा जेथे डिकीत ओल येते तेथे चांगल्या प्रतीचे मरीन प्लायवुड घ्यावे. त्यावर आयएस ७१० हा मानकाचा क्रमांक पाहून घ्यावा. एमडीएफच वापरले तर आतून-बाहेरून कडांना रंगाचा किंवा व्हार्निशाचा हात द्यावा. सांधे डिंकाने भरून, मग स्क्रूने आवळावेत. स्क्रूआधी भोक पाडून घ्यावे, नाहीतर एमडीएफची कड फाटते. आतून सर्व सांध्यांवर सिलिकोन ओढावा आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत ध्वनिवर्धक बसवू नये. सर्वांत मोठ्या दोन भिंतींमधे एक पट्टी ठोकावी, म्हणजे त्या फुगत नाहीत. वायर जेथून बाहेर येते ते भोकही बुजवावे.

पेटी हवाबंद झाली की नाही हे कसे ओळखावे? यासाठी उपकरण नको, उदबत्ती पुरे. फोनवर स्वर काढणारे एखादे साधन घेऊन २५-३० हर्ट्झचा स्वर बेताने वाजवावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवावी. जेथे धूर दचकतो तेथे फट आहे. हा प्रयोग पेटी गाडीबाहेर, मोकळ्यात ठेवून करावा. गाडीत, आणि गॅसच्या गाडीजवळ तर मुळीच नाही. फट बुजली की पेटी गाडीत बसवून २० ते १०० हर्ट्झपर्यंतचा स्वर सावकाश चढवीत न्यावा. एखाद्या ठिकाणी आवाज एकदम उसळला तर पेटी गाडीत जरा सरकवून, तोंड मागे करून पाहावे. नंबरप्लेट खडखडली तर तिच्यामागे रबराची चकती घालावी. दारातले ध्वनिवर्धक आणि सबवूफर यांची वाटणी ८० हर्ट्झच्या आसपास ठेवली म्हणजे खर्ज डिकीतून येतो असे वाटत नाही. तो गाण्याबरोबरच समोरून येतो.

पेटी बांधून ठेवणे विसरू नये. नुसते लाकूडच ११ किलोच्या घरात जाते, ध्वनिवर्धक वेगळा. जोराचा ब्रेक लागला तर हे वजन मागच्या आसनावरल्या मुलांच्या पाठीत येते. आणि वीज: ३०० वॅटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज नसेल तर ती वायर म्हणजे गाडीत लपविलेली काडेपेटी आहे. येथे दोनशे रुपये वाचवू नयेत.

शेवटी कानांविषयी आणि शेजाऱ्यांविषयी. कानांचा हिशेब असा की, ८५ डेसिबल आठ तास सोसतात; पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटे. खर्ज कानाला बोचत नाही, म्हणून तो वाढवीत राहण्याचा मोह होतो; इजा मात्र न बोचताच होते. शेजाऱ्यांचे म्हणाल तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण या मर्यादा ज्या मापाने मोजतात ते माप माणसाच्या कानासारखे, खालच्या स्वरांना कमी लेखणारे आहे. ५० हर्ट्झला ते सुमारे ३० डेसिबलची सूट देते. म्हणजे मापक काही विशेष दाखवीत नाही आणि आजारी माणसाच्या खाटेशेजारचा पेला मात्र किणकिणत असतो. भिंत खर्जाला अडवू शकत नाही. अडवू शकतो तो फक्त वाजविणाऱ्याचा हात. तेथे कायद्याची वाट पाहू नये.

भाच्याच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. तोच ध्वनिवर्धक ठेवला. आमच्या आळीतल्या सुताराकडून ३४ लिटरांची बंद पेटी प्लायवुडची करून घेतली. ती डिकीच्या एका बाजूस दोन पट्ट्यांनी आवळलेली असते. वायरीला सुटणारा जोड आहे. पट्टे सोडून पेटी उचलावयास मिनिटभर लागते, स्टेपनी मोकळी होते. आवाज पूर्वीहून कमी आहे, हे भाच्याने पहिल्याच दिवशी ओळखले आणि जरा हिरमुसला. मग आम्ही पखवाज लावला. थाप पडली, धुमारा उठला, विरला, आणि पुढची थाप पडण्यापूर्वी मधे रिकामी जागा ऐकू आली. मागच्या आसनावरून बहीण म्हणाली, "आता कळतंय हो, तो काय वाजवतोय ते."

त्या वाक्यापलीकडे आम्हाला अधिक काही सांगावयाचे नाही. पेटी मोठी की लहान, नळीची की बंद, हे ज्याने त्याने आपल्या डिकीला आणि कानाला विचारून ठरवावे. विचारून मात्र ठरवावे.